लेबलावरचं अक्षर माझं होतं

शालूमावशी,

आपलं शेवटचं बोलणंही पगारावरूनच झालं. दवाखान्यातल्या खाटेवर तू उशीला टेकून बसली होतीस, नाकाला ऑक्सिजनची नळी होती, आणि मी वाटीतून तुला पेज भरवत होते. दोन चमचे घेतलेस आणि वाटी हातानं बाजूला सारलीस.

"या महिन्याचा आला काय?"

"आला, मावशी."

"पूर्ण?"

"हो, पूर्ण."

"मग बरं आहे. चार वर्षं झाली लागून, आता तरी पूर्ण देऊन राहिले."

एवढं बोलून डोळे मिटलेस. मला वाटलं, दम घेऊन पुढचं नेहमीचं वाक्य येईल, की माझ्या लॅबमध्ये असती तर याच्या तिप्पट कमावून राहिली असती. ते आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला समजलं.

आज एकविसावा दिवस आहे. भेटायला येणारे थांबलेत. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलून गेले आणि मी मान हलवत बसले. पण आपल्या दोघींमध्ये एक भांडण अर्धं राहिलंय. पगाराचं नाही, ते दुसरं. कोर्टाबाहेर सुरू झालं आणि तू ऑटोत बसून तोडलंस, ते. त्याबद्दल आज मला बोलायचं आहे, आणि तुला ऐकावं लागेल.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांची नोकरी फिरतीची, म्हणून मला रायपूरला, तुझ्या बूढापाऱ्यातल्या घरी आणून सोडलं. आई तुझी मोठी बहीण. तू लग्न केलेलं नव्हतंस आणि पोरं सांभाळायची तुला काडीची सवय नव्हती. पहिल्या दिवशी तू माझ्यापुढं स्टीलच्या ताटात चार पोळ्या ठेवल्यास आणि विचारलंस, "एवढ्या खाते ना तू?" मी दीड खाल्ली. दुसऱ्या दिवशी तू दीडच वाढलीस. तुझं असंच होतं. एकदा पाहिलं, मनात नोंदलं, पुन्हा विचारायची गरज नाही.

समता कॉलोनीत तुझी पॅथॉलॉजी लॅब होती. दोन खोल्या, पुढं काउंटर, आत मायक्रोस्कोप आणि फ्रिज. तपासण्या तू करायचीस, सह्या करायला एक डॉक्टर दुपारी येऊन जायचे, आणि रक्त घ्यायला हेमलता दीदी. मी शाळा सुटली की तिथंच यायची. स्टुलावर बसून अभ्यास करायची, वरणभात खायची, आणि बारावीत गेल्यावर सुट्टीच्या दिवशी काउंटरही सांभाळायला लागले. नाव विचारायचं, वय विचारायचं, रजिस्टरात लिहायचं, नळीवर लेबल लावायचं. मला ते काम आवडायचं. माझं अक्षर चांगलं होतं.

मी सतरा वर्षांची होते तेव्हा एका सकाळी दोन सुनीता साहू आल्या. आपल्या रायपुरात या नावाच्या बाया गल्लीगल्लीत सापडतील, त्यात नवल काहीच नव्हतं. एक समता कॉलोनीतच राहणारी, शाळेत शिकवणारी, अंगात कणकण आहे म्हणून आलेली. दुसरी सिलतऱ्याकडची, नवरा तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात मजूर, तिला तीन दिवसांपासून थंडी वाजून ताप. दोघींची मलेरियाची तपासणी. मी दोन्ही नळ्यांवर नाव लिहिलं, आणि रजिस्टरातला नंबर टाकताना सत्तावीसचा अठ्ठावीसला आणि अठ्ठावीसचा सत्तावीसला टाकला. त्या वेळी मी हेमलता दीदीशी कॉलेजच्या फॉर्मबद्दल बोलत होते. एवढंच. त्याहून मोठं कारण काहीच नव्हतं.

शिक्षिकेला मलेरिया आहे असं सांगितलं गेलं. तिनं गोळ्या घेतल्या, तिचं काही बिघडलं नाही. सिलतऱ्याच्या सुनीताला सांगितलं, मलेरिया नाही. ती घरी गेली आणि चार दिवस अंगावर काढून बेशुद्ध झाली. सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासलं, आणि तिथून तुला फोन आला.

तू फ्रिजमधून दोन्ही नळ्या काढल्यास, आपण आठवडाभर ठेवायचो म्हणून होत्या. पुन्हा तपासल्यास. मग एक एक नळी उजेडाकडं धरून लेबल वाचलंस. मी दारात उभी होते. तू माझ्याकडं पाहिलंस, दोन-तीन सेकंद असेल. लेबलावरचं अक्षर माझं होतं आणि ते तुला ठाऊक होतं. मग तू फोन उचललास आणि त्या डॉक्टरांना सांगितलंस, "सर, गलती मेरी है। मेरे हाथ से हुई है।"

तू दवाखान्यात गेलीस, तिच्या खाटेपाशी उभी राहून तिच्या नवऱ्याचं बोलणं ऐकून घेतलंस. अकरा दिवस रोज गेलीस. ती वाचली. दोन डॉक्टरांनी तुझ्याकडं पेशंट पाठवणं बंद केलं आणि वर्षभर लॅब ओस पडली होती. आणि मला? मला तू एक शब्द बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी काउंटरवरून उठवून आतल्या खोलीत बसवलंस आणि म्हणालीस, "परीक्षा जवळ आली, तू अभ्यास कर." त्यानंतर मी तुझ्या लॅबमध्ये एकाही नळीला हात लावला नाही. तूही लाव म्हणाली नाहीस.

मी फॉरेन्सिककडं का गेले, हे तू मला किती वेळा विचारलंस आणि मी किती वेळा खोटं सांगितलं. कधी म्हणाले विषय आवडला, कधी म्हणाले सरकारी नोकरी आहे. खरं असं की बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात फॉरेन्सिक लॅबमधले एक अधिकारी बोलायला आले होते. पोरांना वाटलं होतं, खुनाच्या गोष्टी ऐकायला मिळतील. ते गृहस्थ तासभर फक्त बरणीवरच्या सीलबद्दल बोलले. नमुना कोणी बंद केला, कोणी नेला, कोणाच्या हातात दिला, प्रत्येक हाताची सही. पोरं जांभया देऊन राहिली होती आणि मी एक एक शब्द वहीत उतरवून घेत होते. जिथं एकाची चूक दुसऱ्याला आपल्या नावावर घेताच येत नाही, अशी एक जागा आहे, हे मला त्या दिवशी समजलं. मला तिथं जायचं होतं.

एमएस्सी झाल्यावर तुला सांगितलं तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस.

"मेलेल्या लोकाईच्या आतड्या तपासणार तू?"

"व्हिसेरा म्हणतात, मावशी. विष आहे का ते बघायचं."

"आणि देतील किती?"

"आधी सहा महिने ट्रेनिंग. त्याचे काही नाहीत."

लाटणं थांबलं. "फुकट?"

"फुकट. मग कंत्राटावर घेतलं तर अठरा हजार."

"अठरा!" तू लाटणं पोळपाटावर आपटलंस. "हेमलताले मी याहून जास्त देतो, अन् ते बारावी आहे! माझी चालती लॅब सोडून तू अठरा हजारासाठी बरण्या उघडणार? काहून? मले कारण सांग."

मी कारण सांगितलं नाही. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, पण डबा दोन्ही दिवस भरलास.

तुझं पगाराचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी आज कबूल करते. सहा महिने मी बिनपगारी काम केलं, काचेची भांडी धुतली, वास अंगात मुरवून घरी आले. कंत्राट मिळालं तर पहिले तीन महिने पगारच आला नाही, मग एकदम आला. कायमच्या जागांची जाहिरात निघायला अडीच वर्षं लागली. परीक्षा दिली, निकाल लागला, नेमणूक झाली, तर परिवीक्षेच्या काळात पगार पूर्ण नाही. तो नियम मी तुला वाचून दाखवला तेव्हा तू चष्मा पुसून तो कागद स्वतः वाचलास आणि म्हणालीस, "काम पूर्ण घेतात ना? मग पगार काहून कापतात?" माझ्याबरोबर ट्रेनिंग केलेल्या सहा जणांपैकी मी एकटीच या कामात उरले. बाकीचे औषध कंपनीत गेले, बँकेत गेले, एक जण सिलतऱ्याच्या कारखान्यात लोखंड तपासतो आणि माझ्याहून आधी त्याचं घर झालं. दर रविवारी तू विचारायचीस, "पगार आला काय?" आणि मी चिडायची.

पण तूच मला या कामातली एक गोष्ट शिकवलीस, जी एमएस्सीत कोणी शिकवली नव्हती.

कंत्राटाच्या पहिल्या वर्षी मी नमुने घेण्याच्या खिडकीवर होते. बस्तरच्या आतल्या एका ठाण्यातून एक शिपाई डब्यात व्हिसेराची बरणी घेऊन आला. बरणीच्या लाखेवरचा ठसा आणि सोबतच्या पत्रावरचा ठसा जुळेना. मी आक्षेप लिहिला आणि डबा परत सरकवला.

"मैडम, दो बस बदल के आया हूँ। रख लीजिए ना," तो म्हणाला. वयानं माझ्या बाबांएवढा होता.

"नहीं रख सकती, भैया। सील अलग है।"

तो डबा उचलून गेला. मी दुपारी तुला फोन केला, जरा अभिमानानंच. तू ऐकून घेतलंस.

"बरोबर केलं. जेवला काय तो?"

"कोण?"

"तो शिपाई."

"मला काय माहीत?"

"काहून माहीत नाही? दोन बसा बदलून आलेला माणूस. हातात तो डबा. त्याले कोणत्या हॉटेलात घेतील? खाली ठेवून जाता येते काय त्याले? जा, बघ."

मी बाहेर गेले. तो फाटकाबाहेर कडुनिंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसला होता. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. पोह्याच्या ठेल्यावाल्यानं त्याला लांबूनच हाकललं होतं, आणि डबा नजरेआड करायचा नाही हा त्याचा हुकूम होता. मी पुरी-भाजी आणून दिली. दोन पायांच्या मध्ये डबा घट्ट धरून तो जेवला. आठ दिवसांनी तोच बरोबर पत्र घेऊन परत आला, तपासणी झाली, अहवाल गेला. नियमाला नियम राहिला आणि माणूसही उपाशी राहिला नाही. हे दोन्ही एकत्र होतं हे मला तुझ्यामुळं समजलं, आणि त्यासाठी मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आज मानते.

आता ते कोर्टाचं.

दोन वर्षांपूर्वी माझी पहिली साक्ष होती. एका सुनेच्या मृत्यूचं प्रकरण, व्हिसेऱ्यात कीटकनाशक सापडलेलं, अहवालावर माझी सही. मी तुला येऊ नको म्हटलं होतं. तू लॅब अर्धा दिवस बंद ठेवून आलीस आणि मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलीस. बचावाच्या वकिलांनी सील विचारलं, तारखा विचारल्या, पद्धत विचारली. मी सगळं नीट सांगितलं. मग त्यांनी शेवटी असंच, अंदाजानं विचारलं, "मैडम, आपसे ज़िंदगी में कभी सैंपल की अदला-बदली हुई है?"

मी म्हणाले, "इस प्रयोगशाला में नहीं।"

त्यांनी पुढं विचारलं नाही. मी खाली उतरले. बाहेर टायपिंगवाल्यांच्या पत्र्याखाली तू उभी होतीस. मला वाटलं, पाठीवर हात ठेवशील.

"अर्धं सांगितलं तू," तू म्हणालीस.

"काय पूर्ण सांगायचं होतं?"

"जे विचारलं ते. जिंदगी में, असं विचारलं त्यानं."

"अन् त्यानं केस बिघडली असती तर?"

"तुझी बरणी बरोबर होती, तुझे कागद बरोबर होते. सतरा वर्षांच्या पोट्टीच्या चुकीनं काहून बिघडली असती? तू भिऊन राहिली होती. केससाठी नाही. तुझ्यासाठी."

मला इतका राग आला की मी जागा पाहिली नाही, माणसं पाहिली नाहीत. "आणि तू? तू तेव्हा पूर्ण सांगितलं होतं? त्या डॉक्टरले काय म्हणाली तू? गलती मेरी है. कोणाची होती? तू झाकलं, मावशी. मी कोणाची माफी मागायची, तेच तू ठेवलं नाही मला."

बारा वर्षांत हे पहिल्यांदा आपल्यामध्ये बोललं गेलं. तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. तू पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीस. "चल, उशीर होऊन राहिला," म्हणालीस, आणि ऑटोत बसून लॅबला निघून गेलीस.

त्यानंतर आपण दोघी पुन्हा पगारावर भांडायला लागलो. त्यावर भांडणं सोपं होतं, त्यात कोणाला खोल लागत नव्हतं. मग गेल्या हिवाळ्यात तुझा खोकला थांबेना, छातीचा फोटो काढला, आणि फुफ्फुसाचा आजार निघाला. मग तर मी तो विषय गाडूनच टाकला. आजारी माणसाला काय छळायचं, असं मनाला सांगत राहिले. खरं तर तुला दम होता. तू शेवटच्या महिन्यापर्यंत दवाखान्यातून हेमलता दीदीला फोन करून कोणत्या नळीचं काय झालं विचारायचीस. दम मलाच नव्हता.

तेरावं झाल्यावर दुर्गवरून आलेले विनूमामा मला समोर बसवून म्हणाले, "केतकी, आता सोड ती नोकरी. शालूनं लॅब तुझ्या नावावर केली आहे. तीस वर्षांचं नाव आहे. तिथं काय मिळते तुले?"

"सत्तेचाळीस हजार हातात येतात, मामा."

"अन् लॅबमध्ये तिप्पट. अन् मुडदे नाही, कोर्ट नाही. शालूची इच्छाच होती."

तुझी इच्छा होती, हे खरं. ती मी पुरी करणार नाही, हेही खरं. हे मी तुझ्या फोटोसमोर बसून सांगितलं.

"लॅब हेमलता दीदी चालवेल. सोळा वर्षांपासून तीच चालवून राहिली आहे. मिळकतीत तिचा वाटा राहील, तसा कागद करून देते. मी माझ्या कामातच राहणार."

हेमलता दीदी चहाचा ट्रे घेऊन दारात होती, ती तिथंच थांबली. "मेरे से होगा, केतकी?"

"अभी तक कौन कर रहा था, दीदी?"

मामा वैतागले. "भावनेत बोलू नको. धंदा नाजूक असतो. शालूसारख्या हुशार बाईच्या हातून एकदा नळ्यांची गडबड झाली, तर लॅब बुडता बुडता वाचली होती. आठवते ना?"

ते सहज बोलले. घरात सगळे तसंच समजतात, इतकी वर्षं तसंच समजत आलेत. तुझ्या फोटोला हार होता आणि त्या फोटोसमोर माझी चूक तुझ्या नावानं सांगितली जात होती.

"ती गडबड मावशीची नव्हती, मामा," मी म्हणाले. "लेबल मी लावलं होतं."

हेमलता दीदीनं ट्रे टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "मुझे मालूम था। मैडम ने कसम दी थी कि बोलना मत।"

"बरं, असेल," मामा म्हणाले. "शालू आता नाही. उकरून कोणाचं भलं होणार?"

मी त्याच संध्याकाळी हेमलता दीदीकडून जुनी रजिस्टरं मागून घेतली. तू एकही फेकलं नव्हतंस. चौदा वर्षांपूर्वीच्या पानावर माझ्याच अक्षरात पत्ता होता, सिलतऱ्याच्या अलीकडचं एक गाव.

गेल्या रविवारी सकाळी स्कूटर काढली. बिलासपूर रोडनं गेले, ट्रकांच्या धुळीतून, मग आत वळले. गावात झाडांची पानंसुद्धा काळी दिसतात, कारखान्यांची राख बसून. बोअरिंगपाशी चार बाया पाणी भरत होत्या. एकीनं विचारलं, "काखर घर खोजत हस, नोनी?" कोणाचं घर शोधते, पोरी? मी नाव सांगितलं. तिनं समोरच्या अंगणाकडं बोट दाखवलं.

सुनीता साहू अंगणात तांदूळ निवडत बसली होती. आता पन्नाशीला आली असेल. मी समता कॉलोनीच्या लॅबचं नाव सांगितलं, मावशी गेली असं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मैडम बने मनखे रिहिस, चांगली बाई होती, म्हणाली. अकरा दिवस रोज येत होती, तेही तिला आठवत होतं. मग मी वाटेत शंभर वेळा म्हणून पाहिलेलं वाक्य तिच्या डाव्या बाजूला बसून, खालच्या आवाजात म्हटलं.

ती नुसती बघत राहिली. मग माझा हात धरून मला उजवीकडं ओढलं. "एती आ, नोनी. ए कान ले नइ सुनावय." या कानानं ऐकू येत नाही. त्याच तापात गेला, ती म्हणाली, तेव्हापासून.

हे तुला माहीत होतं का, मावशी? माहीत असलं तर तू मला सांगितलं नाहीस. माहीत नसलं तर ती तुलाही कधी बोलली नाही. मला आता कधीच समजणार नाही.

मला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं. बोअरिंगवरच्या बायांनी हंडे भरायचे थांबवले. "वो लेबल मैंने लगाया था। गलती मेरी थी, मैडम की नहीं।"

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग विचारलं, "मैडम जानत रिहिस?"

"हव," मी म्हणाले. मावशीला ठाऊक होतं.

"अउ मोला नइ बताइस." आणि मला सांगितलं नाही. तिच्या आवाजात पहिल्यांदा राग आला, आणि तो तुझ्यावर होता. मला तुझी बाजू घ्यावीशी वाटली. घेतली नाही.

मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "मैडम ला त मैं माफी दे डारे रेहेंव. तोर बर बेरा लागही." तुझ्या मैडमला मी माफ करून टाकलं होतं, तुझ्यासाठी वेळ लागेल.

मी मान हलवली. याहून खरं मला आजवर कोणी काही बोललेलं नाही. तिनं उठून चहा ठेवला. चहा देताना विचारलं, काय काम करते. मी सांगितलं, पोलिसांच्या केसमध्ये मेलेल्या माणसाच्या पोटात विष होतं का, ते तपासते. तिनं नाक मुरडलं, अगदी तुझ्यासारखं.

"कतका मिलथे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सत्तेचाळीस हजार. फुकटचे सहा महिनेही सांगितले, अठरा हजारांची वर्षंही, कापलेला पगारही. तिनं सगळं चांगल्या कानानं ऐकलं.

"अतका म कान के डाक्टर हो जही?" एवढ्यात कानाचा डॉक्टर होईल?

"हो जाएगा," मी म्हणाले.

ती थोडा वेळ तांदळात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "त इतवार के आबे." तर रविवारी ये.

मावशी, तू मला वाचवलंस म्हणून मी शिकले, उभी राहिले, कोणाच्या बोलण्याखाली दबले नाही. त्याबद्दल मी तुझी कायम ऋणी आहे. आणि तू मला वाचवायला नको होतंस, हेही माझं म्हणणं कायम आहे. सतराव्या वर्षी मला त्या खाटेपाशी उभं करायला हवं होतंस. त्या बाईच्या नवऱ्याचं बोलणं मी ऐकून घेतलं असतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तेवढं सहन झालं नसतं तुले." कदाचित तुझंच खरं असेल. हे भांडण मी एकटीनं संपवणार नाही. तुझ्या गैरहजेरीत निकाल लावून घेणं बरोबर नाही.

काल मी माझ्या साहेबांना भेटून ती जुनी गोष्ट लेखी दिली. ते वाचून म्हणाले, याचा आपल्या लॅबशी संबंध नाही, तरी फाइलला लावून ठेवतो. हेमलता दीदीचा कागद वकिलाकडं दिला आहे. तिनं काउंटरवर नवा नियम केला आहे, नावाबरोबर नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव आणि गाव लिहिल्याशिवाय नळी आत जात नाही. तिनं मला विचारलं नाही, सरळ केला. तुला ते आवडलं असतं.

मला माफी मिळालेली नाही. परवा रविवार आहे. कानाच्या डॉक्टरांची अकराची वेळ घेतली आहे, आणि नऊला मी सुनीताबाईंच्या अंगणात असेन.

तुझी,
केतकी